टेलला पोचलं का?

आमच्या शाळेत कुणी नवीन रुजू झालं की जुने शिक्षक त्याला मुद्दाम नववीच्या वर्गाबाहेर नेऊन उभं करायचे. "जरा ऐका," म्हणायचे. आत सर विज्ञान शिकवत असायचे. त्यांचा आवाज रस्त्यावरच्या उसाच्या ट्रॅक्टरलाही मागं टाकणारा. धडा सांगता सांगता ते एकदम थांबायचे आणि विचारायचे, "पोचलं का?" आणि मग काहीच नाही. दुसऱ्या कुठल्याही वर्गात अशा वेळी "होऽऽ सर" असा जो गजर उठतो, तो या वर्गातून कधी उठला नाही. मी मराठी शिकवायला रुजू झाले तेव्हा मलाही तिथं उभं केलं होतं. मला वाटलं, पोरं झोपली असणार. विज्ञानाच्या तासाला माझ्या काळी मीही झोपायचे.

खिडकीतून डोकावले तर बहुतेक वर्ग डोळे वर करून छताच्या पंख्याकडे बघत होता आणि मागची काही पोरं मान खाली घालून बाकाकडे. सरांनी बाकाकडे बघणाऱ्यांवरून शांतपणे नजर फिरवली. "बरं. परत सोडतो," असं म्हणून त्यांनी धडा पुन्हा पहिल्यापासून सुरू केला. पंख्याकडे बघणाऱ्यांनी निमूट ऐकून घेतला.

त्यांचा तो कायदाच होता. पोचलं तर पंखा, नाही पोचलं तर बाक. तोंडानं उत्तर द्यायचं नाही. मी मधल्या सुट्टीत विचारलं, "असं का हो सर?" तर म्हणाले, "तोंडानं सगळीच व्हय म्हणत्यात बाई. तोंडाला सवय लागल्याली आसती. डोळ्याला अजून लागली न्हाय." आणि 'समजलं का' असं न विचारता 'पोचलं का' असं का, यालाही त्यांच्याकडं उत्तर होतं. ते म्हणाले, "समजलं का न्हाय हे ज्याचं त्याला बी कळत न्हाय. पोचलं का, एवढंच मी इचारतो. माणसाच्या आंगातल्या नशीचं बी तेवढंच काम हाय. निरोप टेलला न्यायचा."

टेल म्हणजे कालव्याचं शेवटचं टोक. हा शब्द आमच्याकडं शाळेत जायच्या आधी कळतो. माझं माहेर वडगाव निंबाळकरचं. तिथं पाणी आधी येतं, म्हणजे आम्ही हेडवाले. सर कळंबचे, इंदापूर तालुक्यातले, आणि त्यांचं रान कालव्यातून फुटणाऱ्या चारीच्या पार शेपटाला. आमच्या विहिरी कालव्याच्या पाझरानं भरायच्या आणि त्यांच्या बांधावर माणसं आवर्तनाची, म्हणजे पाण्याच्या पाळीची, वाट बघत बसायची. त्यामुळं शाळेत माझं काहीही चुकलं, म्हणजे हजेरी उशिरा गेली किंवा चहा आधी घेतला, तरी ते म्हणायचे, "हेडवाल्यास्नी काय कळायचं!" मी म्हणायचे, "सर, कालवा माझ्या वडलांनी खणला नाही." त्यावर ते गंभीरपणे म्हणायचे, "पर पाणी तर त्यांनीच पिलं न्हवं?" या माणसाशी भांडण करून कुणी कधी जिंकलं नाही.

दिसायला सर काही खास नव्हते. उंच, किडकिडीत, शर्टाच्या खिशात खडूचे तुकडे आणि तांब्याच्या तारेची वेटोळी. डोक्यात मात्र रात्रंदिवस एकच विषय, माणसाच्या नसा. वनस्पती, ग्रह, आम्ल, अल्कली, सगळं ते शिकवायचे आणि चांगलं शिकवायचे. पण मज्जासंस्थेच्या धड्याला आले की त्यांच्या अंगात यायचं. तो धडा पुस्तकात जेवढा होता त्याच्या कितीतरी पट वेळ ते त्यावर घालवायचे आणि मग उरलेलं पुस्तक रविवारी पोरांना बोलावून संपवायचे. पालक कुरकुरायचे. सर ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

माणसंही ते नसांच्या हिशोबानंच ओळखायचे. आमच्याकडं एक शिक्षक दर वर्षी स्पर्धा परीक्षेला बसायचं ठरवायचे आणि अर्ज भरायच्या दिवशी माघार घ्यायचे. सर त्यांना म्हणाले, "मोटरीचा स्टार्टर अर्धा दाबला तर मोटर अर्धी चालती का? न्हाय. नस बी तशीच हाय. पुरता जोर लागला तर पेटती आन् शेवटपर्यंत जाती. जोर कमी पडला तर जागची हालत न्हाय. तुमचा अंगठाच पोचंना गुरुजी." ते शिक्षक महिनाभर सरांशी बोलले नाहीत. मग अर्ज भरून आले.

मी कधी मोकळ्या तासाला डोळे मिटून खुर्चीत बसले की दारातून आवाज यायचा, "बाई, मीठ उपसताय व्हय?" सुरुवातीला मला हा टोमणा वाटायचा. एकदा चिडून विचारलं, तेव्हा त्यांनी खुर्ची ओढली आणि समजावून सांगितलं. प्रत्येक नसेच्या पेशीच्या आत-बाहेर क्षार असतात. सोडियम बाहेर जास्त ठेवायचं, पोटॅशियम आत जास्त, अशी पेशीची सगळी व्यवस्था. पण पेशीच्या पटलातून सोडियम सारखं आत झिरपत असतं, आणि पेशी ते सारखी बाहेर उपसत असते. का? तर निरोप आला की दारं उघडायची, सोडियम धावत आत घ्यायचं आणि त्याच धक्क्यानं निरोप पुढं ढकलायचा. आतलं आधी उपसून ठेवलं नसेल तर धक्का कसला बसणार? "म्हंजी बगा," सर म्हणाले, "नस गप पडल्याली दिसती तवा ती आराम करत नसती. पुढच्या निरोपाची तयारी करत आसती. तिला आळशी म्हणायचं न्हाय." त्यानंतर मी मोकळ्या तासाला अभिमानानं डोळे मिटायला लागले.

त्यांचं एक खूळ मात्र फार गाजलं. माणूस नवीन काम वारंवार करत गेला की नसांमधल्या गाठीभेटी पक्क्या होतात, हे त्यांना स्वतःवर पाहायचं होतं, म्हणून त्यांनी डाव्या हातानं जेवायला सुरुवात केली. घरात जेवले असते तर कुणाचं काही बिघडलं नसतं. पण थोरल्या भावाच्या मुलीच्या लग्नात, भर पंगतीत, पाहुणेमंडळींसमोर ते डाव्या हातानं भात कालवायला लागले. तो थोरला भाऊ म्हणजे तात्या. बापामागं त्यानंच सरांना शिकवलेलं, रान सांभाळलेलं, आणि रागाला बापाच्या जागी असलेला. तात्या वाढपी होते. हातातली वरणाची बादली खाली ठेवून ते गरजले, "आरं, डाव्या हातानं जेवतोयस! लाज हाय का न्हाय?" सर शांतपणे म्हणाले, "तात्या, नवी वाट पाडतोय. एक दोन घास आजून सांडत्यात." नवरीच्या सासऱ्यांना वाटलं, मुलीचा काका जरा कमी आहे. तात्यांना ते लग्न अजून बोचतं.

या दोन भावांचं माझ्यासमोर झालेलं सगळ्यात मोठं भांडण कागदावरून झालं. शेततळ्यात पाणी जिरू नये म्हणून जो जाड प्लास्टिकचा कागद अंथरतात, तो. तात्यांनी नवा आणून ठेवलेला कागद सरांनी न विचारता लांबच लांब कापला आणि शाळेत आणला. मैदानाच्या कडेला पोरांकडून दोन पाट खोदून घेतले, सारख्याच लांबीचे, सारख्याच उताराचे. एक तसाच मातीचा ठेवला आणि दुसऱ्याला कागदाचं अस्तर लावलं. मग दोन पोरांच्या हाती एकेक बादली दिली. एवढ्यात तात्या मोटारसायकलवरून आले, तेही कागदाचा उरलेला गठ्ठा पुरावा म्हणून काखोटीला मारून.

"कुठं गेलं आमचं शहाणं?" असं ओरडतच ते मैदानात शिरले. सरांनी हातानंच त्यांना थांबा म्हटलं आणि पोरांना खूण केली. दोन्ही बादल्या एकदम ओतल्या गेल्या. मातीच्या पाटातलं पाणी थोडं पळालं, मग मंदावलं, मग मधेच जिरून गेलं. कागदाच्या पाटातलं पाणी सरळ शेवटाला जाऊन बसलं.

सर पोरांकडं वळले. "माणसाच्या नशीवर बी असंच अस्तर आसतंय, चरबीचं. ते हाय म्हणून मेंदूनं सोडल्याला निरोप मधी जिरत न्हाय, पायाच्या अंगठ्यापर्यंत जातो. हेडला पाणी सुटलं म्हंजी टेलला पोचलंच आसं न्हाय. अस्तर पायजे. पोचलं का?"

पंखा तिथं नव्हता, म्हणून सगळ्या पोरांनी आभाळाकडं पाहिलं. मी तात्यांकडं पाहत होते. तात्या त्या कोरड्या पडलेल्या मातीच्या पाटाकडं बघत उभे होते. आयुष्यभर त्यांनी तेच पाहिलं होतं. थोड्या वेळानं त्यांनी काखेतला गठ्ठा खाली टाकला. "ह्यो बी ठेव. फुडल्या वर्साला लागंल," एवढं बोलून ते निघून गेले.

हे सगळं सांगायचं कारण नंतर जे झालं ते. एका सोमवारी सर शाळेत आले ते भिंतीला धरून. आधीच्या आठवड्यात त्यांचं पोट बिघडलं होतं, पण ते बरंही झालं होतं. आता पायाला मुंग्या येत होत्या आणि पायऱ्या चढवत नव्हत्या. शिक्षकांच्या खोलीत बसून त्यांनी पाय लोंबता सोडला आणि डस्टरच्या लाकडी कडेनं स्वतःच्याच गुडघ्याखाली टकटक केलं. तिथं ठोकलं की पाय आपोआप उडतो, हे आम्हा सगळ्यांना त्यांनीच दाखवलेलं. पाय उडाला नाही. दुसराही उडाला नाही.

"बगा बाई," ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात भीतीपेक्षा कुतूहलच जास्त होतं, "टेल कोरडा पडला. अस्तर उखडतंय जणू." मग मात्र त्यांनी वेळ घालवला नाही. "मला बारामतीला न्या. आज. घरी सांगायला मागनं जावा."

जीबीएस नावाचा आजार होता. डॉक्टरांनी आम्हाला सांगितलं ते असं : पोटातल्या जंतूंशी लढायला शरीरानं जी फौज उभी केली, ती चुकून स्वतःच्याच नसांच्या आवरणावर उलटली आहे. पायापासून सुरू होतं आणि वर चढतं. उपचार चालू केले आहेत, पण आधी अजून बिघडेल, मग थांबेल, मग हळूहळू सुधारेल. धीर धरा. आणि तसंच झालं. हात गेले, गिळणं गेलं, श्वास गेला. सरांना मशीनवर ठेवलं. घशात नळी, बोलणं बंद, बोट हलत नाही, चेहऱ्यावरही काही उमटत नाही. पापणी अर्धवट मिटलेली. एवढा बोलणारा माणूस, आणि पांढऱ्या चादरीवर नुसता ठेवून दिलेला. मला ते बघवलं नाही आणि मी ते नातेवाइकांसमोर कबूलही केलं नाही.

दवाखान्याच्या बाहेरच्या बाकड्यांवर कळंबची निम्मी भावकी बसलेली असायची. सगळ्यांचं एकच मत होतं. अंगावरून वारं गेलंय. आमच्याकडं माणूस लुळा पडला की त्याला वारंच म्हणतात आणि वाऱ्याला दवाखाना चालत नाही, हेही त्यातच येतं. एका गावात वाऱ्याचं औषध देणारा कुणी होता. तो तेल चोळायचा, कबुतराचं रक्त लावायचा, आणि म्हणे माणसं चालत घरी जायची. अट एकच, अमावस्येच्या आत न्यायला हवं. अमावस्या तोंडावर होती. तात्यांनी जीप ठरवली.

डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, "मशीनवरून काढलं तर वाटेतच जातील. तुमच्या जबाबदारीवर न्यायचं तर घरच्यांची सही लागेल." सही करायची होती वहिनींनी, म्हणजे सरांच्या बायकोनं. वहिनी म्हणजे शांत बाई. थोरल्या दिरासमोर त्यांनी कधी डोक्यावरचा पदर ढळू दिला नव्हता की आवाज. मी गेले तेव्हा त्या भिंतीला टेकून उभ्या होत्या.

"काय करू बाई?" त्यांनी माझा हात धरला. "तात्यांनी ह्यांना बापावानी वाढवलंय. त्यांचं कसं मोडू? आन् डॉक्टर म्हणत्यात वाटंत जातील. त्यांस्नी इचारावं म्हणलं तर त्यांस्नी कायबी कळंना झालंय."

"कोण म्हणतं कळत नाही?"

"सगळीच म्हणत्यात. तात्या काल उशाशी हुबं राहून म्हणलं, आता कसलं ऱ्हातंय. ह्यांनी पापणी बी हालवली न्हाय."

माझं डोकं सणकलं. हा आजार नसांच्या आवरणाचा आहे, मेंदू शाबूत आहे, असं डॉक्टरांनी माझ्यासमोर सांगितलं होतं. म्हणजे तो माणूस सगळं ऐकत होता. स्वतःच्या मरणाची बोलणी उशाशी चाललेली ऐकत होता. पापणी हलत नव्हती हे खरं; चेहऱ्याच्या नसाही गेल्या होत्या. पण मला एकदम नववीचा वर्ग आठवला. पापणी कुठं लागत होती? लागत होते फक्त डोळे.

भेटायची वेळ झाल्यावर मी वहिनींना घेऊन आत गेले. सरांच्या पापण्यांच्या फटीतून बुबुळं दिसत होती. मी वाकून म्हणाले, "सर, मी आले. हेडवाली. इथं पंखा नाही, छतालाच पंखा समजा. चादर म्हणजे बाक. मी बोलतेय ते पोचलं का?"

काही झालं नाही. यंत्राचा आवाज येत राहिला. वहिनींनी तोंडाला पदर लावला. मग बुबुळं हलली. सावकाश, पण सरळ वर गेली आणि तिथंच थांबली.

 मराठीची शिक्षिका असून मला तेव्हा एकच वाक्य सुचलं. मी विचारलं, "सर, मीठ उपसताय ना?" डोळे खाली येऊन परत वर गेले. वहिनी आधी रडल्या आणि मग एकदम पुढं झाल्या. त्यांनी सरांच्या कपाळावर हात ठेवून सरळ विचारलं, "तात्या तुमास्नी औषधाला न्याचं म्हणत्यात. जायचं का?"

डोळे खाली. चादरीवर. आणि खालीच राहिले.

वहिनी बाहेर आल्या त्या वेगळ्याच बाई होऊन आल्या. सगळ्या भावकीसमोर त्या म्हणाल्या, "तात्या, म्या सही करणार न्हाय. त्यांनी न्हाय म्हणून सांगितलंय."

"कुणी? त्यानं?" तात्या उठून उभे राहिले. "आगं, त्याला जीभ हाय का? बाई, तुमी मास्तरीण हाय, तुमचा मान हाय. पर ह्यो आमच्या घरातला मामला हाय. तिच्या डोक्यात कायबी भरू नगा."

मी म्हणाले, "मी काही भरत नाही. तुम्ही आत चला आणि तुम्हीच विचारा."

तात्या आले. पंखा आणि बाकाचा कायदा मी त्यांना सांगितला. त्यांचा विश्वास बसला नाही. म्हणाले, डोळे काय, आपोआप बी फिरत्यात. मग बराच वेळ ते भावाकडं बघत राहिले. पिकाची परीक्षा करावी तसे. आणि एकदम म्हणाले, "तुझी म्हैस इकली रं म्या. दवाखान्यात कोण बगनार तिच्याकडं? बरं केलं का न्हाय?"

ती म्हैस म्हणजे सरांचा जीव. शाळेतून घरी गेल्यावर आधी तिच्या कपाळावर हात, मग चहा. मी दचकून तात्यांकडं पाहिलं. सरांचे डोळे झटकन खाली गेले, लगेच तात्यांच्या तोंडावर गेले, परत खाली गेले. त्यांना रागावता येत होतं तेवढे ते रागावले.

तात्या भावाच्या तोंडाजवळ वाकले. "न्हाय इकली रं," ते म्हणाले, "गोठ्यात हाय. खोटं बोललो." डोळे वर गेले. तात्या खाली बसले, खुर्ची नव्हती तरी, जमिनीवरच बसले.

बाहेर आल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, "बाई, डोस्कं चालतंय, डोळं चालत्यात, मग हात-पाय का हालंनात? वारं न्हाय म्हणता तर काय हाय ह्ये?"

डॉक्टरांनी हे त्यांना दोनदा समजावलं होतं. पण ते तसं समजावणं तात्यांपर्यंत जायचं नव्हतं. मी म्हणाले, "तात्या, तुम्ही शाळेत कागद न्यायला आला होतात. आठवतं?"

"आठवतंय की. माझा नवा कागद."

"ते दोन पाट आठवतात? तसंच झालंय. हेडला पाणी चालू आहे. पाटही फुटलेला नाही. वरचं अस्तर उखडलंय, म्हणून पाणी मधेच जिरतंय. अस्तर परत बसतं, पण वेळ लागतो. आणि ते वरून खाली बसत येतं. टेलला सगळ्यात शेवटी."

तात्यांनी मान वर केली. आयुष्यात एवढं सरळ उत्तर त्यांना कुणी दिलं नसावं. "म्हंजी आवर्तन बंद न्हाय," ते हळूच म्हणाले, स्वतःशीच. "आस्तराचं काम हाय." आणि मग त्यांनी बाकड्यावरच्या भावकीकडं वळून सांगितलं, "जीपवाल्याला म्हणावं जा. आमी हितंच थांबनार हाय. टेलच्या मानसाला काय थांबायचं शिकवाय लागत न्हाय."

अमावस्या आली आणि गेली. आजार थांबला, मग उतरायला लागला. आधी मान, मग खांदे, मग श्वास. नळी निघाली तेव्हा पहिला शब्द घोगरा आला. वहिनींना वाटलं पाणी मागतील. सर म्हणाले, "म्हैस." तात्यांनी मोबाइलवर म्हशीचा फोटो दाखवला.

घरी नेल्यानंतरचं काम सगळ्यात चिवट होतं. व्यायाम सांगणारी मुलगी बारामतीहून यायची आणि रडकुंडीला येऊन जायची, कारण सर प्रत्येक व्यायामाला हा कुठल्या नसेसाठी म्हणून विचारायचे. हात आले. उजव्याआधी डाव्या हातानं घास तोंडापर्यंत गेला, आणि तात्या त्या वेळी समोर बसले असून काही बोलले नाहीत. उलट सांडलेला भात त्यांनीच वेचला. गुडघे आले. पावलं मात्र येत नव्हती. त्यांना घोट्याखाली काही लागत नव्हतं, काही कळत नव्हतं.

तात्यांनी स्वतःच्या मनानं एक उपाय काढला. रोज सकाळी ते विहिरीची मोटर चालू करायचे, पहिलं गार पाणी बादलीत घ्यायचे आणि अंगणात खुर्चीवर बसलेल्या भावाच्या पावलांवर ओतायचे. डॉक्टरांनी असलं काही सांगितलं नव्हतं. पण नकोही म्हणाले नाहीत. ओतायचे आणि विचारायचे, "टेलला पोचलं का?" सर जमिनीकडं बघायचे. दुसऱ्या दिवशी परत. भावाला बरं वाटावं म्हणून एखाद्या दिवशी तरी वर बघावं, असं मला वाटायचं. मी तसं म्हणालेही. सर माझ्यावर भडकले. "खोटं पाणी दाखवून पीक येतं का बाई?"

पावलं आली. किती सकाळी गेल्या ते मी मोजलं नाही. शाळेत सर परत आले ते दोन काठ्या घेऊन. पायऱ्यांशी पोरं उचलायला धावली. सरांनी त्यांना हाकलून लावलं आणि एकेक पायरी स्वतः चढले. आम्ही सगळे शिक्षक व्हरांड्यात उभे होतो आणि कुणी टाळी वाजवली नाही, वाजवली असती तर आम्हालाही हाकललं असतं. वर्गात टेबलाला धरून उभं राहून त्यांनी फळ्यावर नसेची पेशी काढली. रेघ वाकडी आली. ती पुसून त्यांनी परत काढली.

आता ते निवृत्त झालेत. परवा मी कळंबला गेले होते. एक काठी सुटली आहे, एक आहे. उसाला पाणी चालू होतं आणि तात्या, आता चांगलेच थकलेले, बादली घेऊन अंगणात आले. मला वाटलं होतं, हा कार्यक्रम कधीच संपला असेल.

"आजून?" मी विचारलं.

"डाव्या पायाची करंगळी ऱ्हायलीया," तात्या म्हणाले. डॉक्टरांनी सांगितलं होतं, तेवढी कदाचित तशीच राहील, तिच्यावाचून काही अडत नाही. हे त्या दोघांनाही माहीत होतं. तात्यांनी वाकून त्या एका बोटावर सावकाश धार धरली. पाणी बोटावरून ओघळून जमिनीत जिरलं.

"पोचलं का?"

सरांनी डोळे मिटले, नीट लक्ष दिलं, उघडले, आणि जमिनीकडं पाहिलं.

"बरं," तात्या बादली उचलत म्हणाले. "उद्या परत सोडतो."